नळी काढायची कुणी?

गेल्या पावसाळ्यात एका नातेवाइकांना बघायला रुग्णालयात गेले होते. वय अठ्ठ्याहत्तर. ओल्या फरशीवर पाय घसरून खुब्याचं हाड मोडलेलं, ऑपरेशन झालेलं आणि ते चांगलं झालेलं. मी गेले तो ऑपरेशननंतरचा नववा दिवस. आजोबा वॉकर धरून खिडकीपर्यंत चालत होते आणि त्यांच्या मागोमाग सूनबाई लघवीची पिशवी हातात घेऊन चालत होत्या. मूत्राशयात घातलेल्या नळीला, म्हणजे कॅथेटरला, हिसका बसू नये म्हणून त्यांनी पिशवी अगदी छातीपर्यंत उचलून धरली होती. नळीतली लघवी उलटी आजोबांकडे जाताना मला दिसत होती.

आधी पिशवी कमरेच्या खाली धरायला लावली. मग ड्यूटीवरच्या सिस्टरला विचारलं, "हे स्वतः चालतायत, मग कॅथेटर अजून कशाला?" तिनं केसपेपर उलटसुलट करून पाहिला. ऑपरेशनच्या आदल्या रात्री नळी घातल्याची नोंद होती. त्यानंतर रोजच्या राउंडला एकच शेरा होता, तेच उपचार चालू ठेवा. "काढायची ऑर्डर नाही ना, मॅडम," ती म्हणाली. ती टाळत नव्हती. ऑर्डर खरोखरच नव्हती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आजोबांना थंडी वाजून ताप भरला. लघवीतला संसर्ग रक्तात गेला होता. घरी जायच्या तयारीत असलेला माणूस आणखी अकरा दिवस शिरेतून इंजेक्शनं घेत पडून राहिला. वॉकर कोपऱ्यात गेला. ताप उतरला, पण त्या अकरा दिवसांत पायांतलं जे बळ गेलं ते पुन्हा आलं नाही. आज ते पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर एवढंच करतात.

मी चौतीस वर्षं सरकारी रुग्णालयांत परिचारिका म्हणून काम केलं, त्यातली शेवटची सात मुलींना शिकवण्यात गेली. त्या सिस्टरच्या जागी मी कितीदा उभी राहिले आहे आणि हेच उत्तर दिलं आहे. म्हणून हे लिखाण तिच्याविरुद्ध नाही. माझं म्हणणं असं आहे की लघवीची नळी काढण्याचा अधिकार, ठरवून दिलेल्या नियमांच्या चौकटीत, परिचारिकेला लेखी मिळाला पाहिजे. आणि तो वापरता येईल एवढी माणसं वॉर्डात असली पाहिजेत. अधिकार दिला पण माणसं दिली नाहीत, तर तो कागद फायलीतच राहील, हे मी अनुभवानं सांगते.

ही नळी दिसायला अगदी साधी असते. अमेरिकेतल्या मिनेसोटाचे मूत्ररोगतज्ज्ञ फ्रेडरिक फोली यांनी १९३० च्या दशकात तिला आजचं रूप दिलं. टोकाशी एक छोटा फुगा असतो, नळी मूत्राशयात पोचली की त्यात पाणी भरायचं, म्हणजे ती बाहेर सरकत नाही. त्याआधी नळी पट्टीनं नाहीतर दोऱ्यानं बाहेरून बांधून ठेवावी लागे. फुग्यामुळे ती आपोआप आत राहू लागली, आणि अशी आपोआप राहणारी वस्तू हळूहळू सगळ्यांच्या लक्षातून जाते.

शरीर मात्र तिला विसरत नाही. निरोगी माणसात लघवीची धार मूत्रमार्ग वरचेवर धुऊन काढत असते. नळी घातली की ते धुणं थांबतं. जंतू नळीच्या बाहेरच्या अंगानं चढतात आणि पिशवीच्या बाजूनं आतूनही चढतात. नळीच्या पृष्ठभागावर ते चिकट थर धरून बसतात आणि त्या थरात औषध नीट पोचत नाही. पूर्वी नळीचं दुसरं टोक उघड्या बाटलीत सोडलेलं असे, तेव्हा चारेक दिवसांत जवळजवळ प्रत्येक रुग्णाच्या लघवीत जंतू सापडत. १९६६ साली कुनिन आणि मॅककॉर्मॅक या अमेरिकी डॉक्टरांनी बंद पिशवीच्या पद्धतीचा फायदा दाखवून दिला आणि परिस्थिती पुष्कळ सुधारली. तरीही नळीच्या प्रत्येक दिवसागणिक लघवीत जंतू येण्याची शक्यता ३ ते ७ टक्के असते, आणि महिनाभर नळी राहिली तर कुणीच सुटत नाही म्हटलं तरी चालेल.

इथं एक गोष्ट सांगून ठेवते, कारण वॉर्डात तिचा रोज घोटाळा होतो. लघवीत जंतू असणं आणि संसर्ग होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ताप नाही, थंडी नाही, ओटीपोटात दुखत नाही, पण पिशवीतली लघवी गढूळ दिसते, एवढ्यावर नमुना तपासायला जातो आणि अहवालात जंतूचं नाव आलं की महागडं अँटिबायोटिक सुरू होतं. नळी तशीच राहते. आठ दिवसांनी तिथं आणखी चिवट जंतू येतो. गरज संपल्यावर नळी काढून टाकण्याइतका स्वस्त आणि खात्रीचा उपाय कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळत नाही.

मग ती निघत का नाही? पहिलं कारण म्हणजे ज्यांच्या सहीनं ती निघते त्यांना ती दिसत नाही. अमेरिकेतल्या चार रुग्णालयांमधला एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला होता. तुमच्या कोणत्या रुग्णाला नळी आहे, असं डॉक्टरांना विचारलं. नळी असलेल्या रुग्णांपैकी २८ टक्क्यांच्या बाबतीत डॉक्टरांना ते ठाऊकच नव्हतं. शिकणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये हे प्रमाण २१ टक्के होतं आणि युनिटच्या प्रमुखांमध्ये ३८. जसजसा अधिकार वाढतो तसतसा माणूस पलंगापासून लांब जातो, हे त्या आकड्यांत स्वच्छ दिसतं. यात डॉक्टरांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. एका राउंडला साठ-सत्तर रुग्ण बघणारे सर्जन मी पाहिले आहेत. ते जखम बघतात, ताप बघतात, रक्ताचे रिपोर्ट बघतात. नळी चादरीखाली असते आणि पिशवी पलंगाच्या पलीकडल्या बाजूला लटकलेली असते.

परिचारिकेला मात्र ती नळी दर पाळीला दिसते. पिशवी रिकामी केली की माप चार्टवर तीच लिहिते. तिथली जागा साबणपाण्यानं पुसणं, नळी मांडीला नीट चिकटवणं, रुग्ण कुशीवर वळल्यावर नळी अंगाखाली दाबली गेली नाही ना हे बघणं, सगळं तिच्याच वाट्याला येतं. ओव्हर देताना "सात नंबर, कॅथेटराइज्ड" असं तीच पुढच्या पाळीला सांगते. सात नंबरला नळीची गरज उरली आहे का, हे तिला दिवसातून तीनदा कळतं आणि ते ठरवायचा अधिकार तिला एकदाही नसतो.

आता आमच्या बाजूची एक गोष्ट. परिचारिका ती आपापसात बोलतात, बाहेर बोलत नाहीत. नळी आम्हालाही सोयीची असते.

रात्रपाळीला मी एकटीनं बेचाळीस रुग्ण सांभाळले आहेत आणि एकच मावशी दोन वॉर्डांत वाटून घेतली आहे. बेचाळीसपैकी दहाजणांना नळी असेल तर त्या दहाजणांना रात्रीत बेडपॅन द्यावं लागत नाही, त्यांच्या चादरी ओल्या होत नाहीत आणि अंधारात संडासाकडे जाताना ते पडत नाहीत. एका रात्री अर्धांगाच्या एका स्थूल बाईंना नळी घाला, असा आग्रह मीच इंटर्नला केला होता. त्यांना लघवीची जाणीव होती, मागतही होत्या. पण त्यांना उचलायला दोघं लागत आणि माझ्याजवळ दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी हात जोडून "नको बाई, ते नको" म्हटलेलं अजून माझ्या कानात आहे. केसपेपरवर मात्र लघवीचं माप ठेवण्यासाठी नळी घातली, असं लिहिलं गेलं. ते खरं नव्हतं.

अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी २००२ साली या नळीला रुग्णाला एका बिंदूशी बांधून ठेवणारा बंध म्हटलं होतं. हे वाचलं तेव्हा मला त्या बाई आठवल्या. नळी असलेला माणूस उठत नाही, उठला तर पिशवी सांभाळत उठतो, म्हणून दुसऱ्यांदा उठायचं टाळतो. म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत तीन-चार दिवसांचं पडून राहणंही पुष्कळ झालं.

भारतीय परिचर्या परिषदेचा निकष असा आहे की सर्वसाधारण वॉर्डात, शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असावी आणि इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक. आपल्या एखाद्या जिल्हा रुग्णालयात रात्री अकरा वाजता जाऊन कुणीही मोजून पाहावं. ज्या वॉर्डात पाचाला एक हे प्रमाण असेल तिथं नळ्या कमी आढळतील, हे मी पैजेवर सांगते. माणसांची उणीव आपण रबरी नळ्यांनी भरून काढतो आणि तिची किंमत संसर्गाच्या रूपानं रुग्ण मोजतो. आणि ही किंमत शब्दशः पैशांचीसुद्धा असते. अमेरिकेत ऑक्टोबर २००८ पासून मेडिकेअर या मुख्यतः वृद्धांसाठीच्या सरकारी विमा योजनेनं रुग्णालयातच नळीमुळे झालेल्या संसर्गाचा जादा खर्च रुग्णालयांना देणं थांबवलं. त्या दिवसापासून तिथल्या व्यवस्थापकांना अचानक नळ्या दिसू लागल्या. आपल्याकडे खासगी रुग्णालयात लांबलेल्या मुक्कामाचं बिल बहुतेक वेळा घरचे लोक भरतात. संसर्गानं नुकसान होतं ते कुटुंबाचं, त्यामुळे व्यवस्थेला नळी टोचत नाही.

पण माणसं वाढवली तरी एक अडचण उरतेच. आमच्या मनात ती सगळ्यांत खोल बसली आहे. नळी काढली आणि रुग्णाची लघवी तुंबली, तर "कुणी काढली?" हा प्रश्न तासाभरात विचारला जातो आणि त्याला एक नाव असतं. नळी ठेवली आणि पाचव्या दिवशी संसर्ग झाला, तर "कुणी ठेवली?" असं कधीही कुणी विचारत नाही. तो आजाराचा भाग धरला जातो, वयाचा भाग धरला जातो. माझ्याबरोबरच्या एका हुशार मुलीनं वरिष्ठांना फोनवर विचारून एका रुग्णाची नळी काढली होती. रात्री लघवी अडली, पुन्हा नळी घालावी लागली. दुसऱ्या दिवशी राउंडला सगळ्यांसमोर तिची खरडपट्टी निघाली, आणि फोनवर परवानगी देणारे गृहस्थ गप्प उभे राहिले. त्यानंतर तिनं निवृत्तीपर्यंत लेखी ऑर्डरशिवाय एकही नळी काढली नाही. तिच्यामुळे किती रुग्णांच्या नळ्या दोन-दोन दिवस जास्त राहिल्या असतील, याचा हिशेब कुठल्याच रजिस्टरमध्ये नाही. मी तिला दोष देणार नाही.

नळी काढायची म्हणजे ओढून टाकायची, असं बाहेरच्यांना वाटतं. काही डॉक्टरांनाही वाटतं. हे कसबाचं काम आहे.

आधी फुग्यात किती पाणी भरलं आहे ते ठाऊक असावं लागतं. घालणाऱ्यानं ते लिहिलेलं नसतं, मग नळीच्या तोंडाशी छापलेला आकडा बघायचा. सुईविना सिरिंज लावायची आणि पाणी आपसूक सिरिंजमध्ये येऊ द्यायचं. घाईनं दट्ट्या मागे ओढला की फुग्याकडे जाणारी बारीक वाट आतल्या आत चिकटते आणि फुगा सुरकुतून त्याला कंगोरे पडतात. ते कंगोरे बाहेर येताना मूत्रमार्ग सोलून काढतात. दहा मिलिलिटर घातलं असेल तर दहाच्या आसपास परत आलं का, हे मोजायचं. फुग्यात निर्जंतुक पाण्याऐवजी सलाइन भरलेलं असेल तर क्षार साचून वाट बंद झालेली असू शकते. वॉर्डात हाताशी सलाइनची बाटली असते म्हणून तेच भरलं जातं, आणि त्याचा त्रास पंधरा दिवसांनी भलत्याच माणसाला होतो.

फुगा रिकामा झालाच नाही तर? थोडं थांबायचं, सिरिंज बदलायची, पाण्याचा एखादा मिलिलिटर आत सोडून वाट मोकळी होते का बघायचं. तरीही जमलं नाही तर डॉक्टरांना बोलवायचं. नळी कात्रीनं कापायची नाही, कारण उरलेला तुकडा आत सरकू शकतो. जास्तीचं पाणी भरून फुगा फोडायचा नाही, कारण रबराची चिंधी मूत्राशयात राहिली तर तिच्याभोवती खडा धरतो. या दोन्ही गोष्टी होताना मी पाहिल्या आहेत. दोन्ही वेळा रुग्णाला पुन्हा ऑपरेशनच्या टेबलावर जावं लागलं.

आणखी एक जुनी सवय आहे, नळी काढायच्या आधी दोन दिवस ती चिमट्यानं बंद करून दर काही तासांनी सोडायची. मूत्राशयाला 'सवय लावायची' असं आम्हाला शिकवलं होतं आणि मीही पुढे वर्षानुवर्षं तेच शिकवलं. थोड्या दिवसांच्या नळीसाठी याचा काही फायदा असल्याचं संशोधनात आढळत नाही. उलट नळी दोन दिवस जास्त राहते आणि गर्दीच्या पाळीत चिमटा सोडायला विसरलं तर मूत्राशय ताणून निघतं. ज्या मुलींना मी हे शिकवलं त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल, तर ते सोडून द्या.

खरी परीक्षा नळी निघाल्यानंतर होते. मी पहाटे सहाच्या सुमाराला नळी काढत आले, कारण पुढचे सहा तास उजेडात आणि माणसांच्या वर्दळीत जातात. त्या सहा तासांत रुग्णाला लघवी झाली का, किती झाली, किती वेळा झाली हे भांड्यात मोजायचं. दर दहा मिनिटांनी थेंब-थेंब होत असेल तर ती सुटलेली लघवी नसते. मूत्राशय काठोकाठ भरून वरचेवर सांडत असतं आणि नातेवाईक आनंदानं सांगतात, "झाली हो सिस्टर." अशा वेळी ओटीपोटावर हात ठेवून पाहावं लागतं. आत किती लघवी उरली ते दाखवणारं स्कॅनरचं छोटं यंत्र असतं, मी काम केलेल्या एकाही वॉर्डात ते नव्हतं. हातच वापरावा लागे. आणि भोवती पडदा असावा लागतो. पडद्याशिवायच्या वॉर्डात, समोरच्या पलंगावरची माणसं बघत असताना, पंचाहत्तरीच्या माणसाला लघवी होत नाही म्हणून पुन्हा नळी घालावी लागली, असे प्रसंग मी मोजणार नाही. त्या माणसाच्या मूत्राशयात काही बिघाड नव्हता. त्याला आडोसा हवा होता.

ज्यांना भ्रम होतो त्यांच्या बाबतीत तर नळी ठेवणंच धोक्याचं. ऑपरेशननंतर म्हातारी माणसं रात्री भ्रमिष्ट होतात, काहीतरी टोचतंय एवढंच त्यांना कळतं आणि ती फुगा भरलेली नळी उपसून काढतात. पहाटे रक्तानं भिजलेली चादर सापडते. यावर उपाय म्हणून त्यांचे हात बांधले जातात, हात बांधल्यावर ते आणखी बेभान होतात. सुरुवात जिथून झाली ती नळी तेवढी जाग्यावर राहते.

पुरुष रुग्णांचा प्रश्न निराळा आहे आणि त्यावर मोकळेपणानं बोललं जात नाही. पुष्कळ ठिकाणी पुरुषाला नळी घालणं इंटर्नकडे असतं, इंटर्न नसला तर ज्याला 'जमतं' अशा मामांकडे. मामांनी ते बघून बघून शिकलेलं असतं, त्यांचा हात कधीकधी इंटर्नपेक्षा हलका असतो, पण निर्जंतुक पद्धत त्यांना कुणी शिकवलेली नसते आणि काही चुकलं तर त्यांच्यामागे कुणी उभं राहत नाही. नळी घालताना मागे केलेली कातडी पुन्हा पुढे आणायची राहिली तर काही तासांत सूज येऊन ती अडकून बसते. परिचारिका संकोचानं तिकडे बघत नाही आणि रुग्ण संकोचानं सांगत नाही. यावर ब्रदरची संख्या वाढवणं हा एक उपाय आहेच. पण आमच्या मुलींनाही प्रशिक्षणात हे काम पुरुषांच्या वॉर्डात, नीट देखरेखीखाली करायला मिळालं पाहिजे. पुतळ्यावरच्या सरावानं खऱ्या माणसाच्या लाजेला सामोरं जाता येत नाही.

डॉक्टरांचा आक्षेप मी ऐकला आहे आणि तो खरा आहे. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतरची नळी, मूत्रमार्गाच्या किंवा मूत्राशयाच्या दुरुस्तीनंतरची नळी, रक्ताच्या गुठळ्या धुवायला ठेवलेली तीन वाटांची नळी, या परिचारिकेनं आपल्या मनानं काढायच्या नाहीत. दुरुस्त केलेल्या जागेवर अवेळी पुन्हा नळी घालायची वेळ आली तर सगळं काम वाया जातं. अत्यवस्थ रुग्णाची दर तासाची लघवी मोजायची असते, माकडहाडापाशी खोल जखम झालेल्या माणसाची जागा कोरडी ठेवायची असते, शेवटच्या दिवसांत हलवलं तरी कळवळणाऱ्या माणसाला नळीनं आराम मिळतो. मणक्याला मार लागून लघवीवरचा ताबा गेलेल्यांचा विचारही वेगळा करावा लागतो. तर हे सगळे प्रकार कागदावर नावानिशी लिहा आणि वगळा. उरलेल्यांमध्ये खुब्याच्या ऑपरेशनचे आजोबा येतात, पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या बाई येतात, बाळंतीण येते, न्यूमोनियातून उठून बसलेला माणूस येतो. वॉर्डातल्या बहुतेक नळ्या त्यांनाच असतात.

असं करून फरक पडतो का, हे पाहिलं गेलेलं आहे. नळीची आठवण करून देणारी किंवा ठरलेल्या दिवशी ती आपोआप काढायला सांगणारी व्यवस्था ठेवली तर संसर्ग जवळजवळ निम्म्यानं घटतो, असा निष्कर्ष २०१० साली बऱ्याच अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून निघाला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या उपक्रमात ६०३ रुग्णालयं होती. परिचारिकेनं नळीची गरज रोज तपासायची, हा त्याचा एक मुख्य भाग होता. साध्या वॉर्डांमध्ये संसर्गाचं प्रमाण नळीच्या दर हजार दिवसांमागे २.२८ वरून १.५४ वर आलं. अतिदक्षता विभागांत मात्र फारसा बदल झाला नाही, हेही सांगायला हवं. तिथं नळीची गरजच जास्त असते. म्हणून माझा आग्रह साध्या वॉर्डांपुरता आहे.

आपल्याकडे नियम नाहीत असंही नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं जानेवारी २०२० मध्ये संसर्ग प्रतिबंधाची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. नळीची गरज रोज तपासावी, ती लवकरात लवकर काढावी, हे आता सगळेच मान्य करतात. 'तपासावी' आणि 'काढावी' या क्रियापदांना कर्ता तेवढा नाही. वॉर्डात कर्ता ठरला नाही तर काम होत नाही.

परिचारिकेला एवढा अधिकार देणं धाडसाचं ठरेल, असं ज्यांना वाटतं त्यांनी उपकेंद्रात जाऊन बघावं. बाळंतिणीला झटके येऊ लागले तर मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देऊन मग तिला पुढे पाठवायची परवानगी आपल्या सरकारनं प्रशिक्षित एएनएमला, म्हणजे उपकेंद्रातल्या परिचारिकेला, दिली आहे. डॉक्टर जवळ नसतो आणि मिनिटं मोलाची असतात, म्हणून. तो निर्णय योग्य होता. मॅग्नेशियम सल्फेटचा डोस चुकला तर श्वास थांबू शकतो. वेळेआधी काढलेली नळी पुन्हा घालता येते.

केरळमध्ये हे रोज घडतं आहे. तिथं २००८ साली सरकारनं वेदनाशमन आणि परिहार सेवेचं, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास कमी करण्याचं, धोरण स्वीकारलं आणि गावोगावच्या परिचारिका घरी जाऊन नळी बदलतात, जखमा बांधतात. महाराष्ट्रात नळीसह घरी पाठवलेल्या माणसाचं काय होतं? डिस्चार्ज कार्डावर 'कॅथेटर केअर' हे दोन शब्द असतात. लॅटेक्सची नळी काही आठवड्यांची, सिलिकॉनची फार तर बारा आठवड्यांची, हे कुणी समजावलेलं नसतं. शहरात नर्सिंग ब्युरोची बाई येते, तिला कुणी शिकवलेलं असतंच असं नाही. खेड्यात नळी बदलायला जीप करून तालुक्याला जावं लागतं आणि मजुरी बुडते, म्हणून महिना लांबतो, दुसराही लांबतो. चार-चार महिने राहिलेल्या, क्षारांनी दगडासारख्या झालेल्या नळ्या मी पाहिल्या आहेत. उपकेंद्रांवर आता समुदाय आरोग्य अधिकारी नेमले आहेत, त्यांतले बरेच परिचर्या शिकलेले आहेत. नळीवाल्या रुग्णाचं नाव आणि बदलायची तारीख डिस्चार्जच्या दिवशीच त्यांच्याकडे गेली तर हे टळेल. त्याला नवी इमारत लागत नाही.

वॉर्डासाठी मला एक पानाचा कागद हवा आहे. नळी कशासाठी घातली, कुणी, कधी, कितव्या नंबरची, फुग्यात किती पाणी, हे घालणाऱ्यानं लिहायचं आणि तारीख पिशवीवर चिकटपट्टी लावूनही लिहायची. खाली वगळलेल्या प्रकारांची यादी. त्यातला प्रकार नसेल आणि कारण संपलं असेल, तर परिचारिका नळी काढेल, आणि सहा तासांत लघवी झाली नाही तर काय करायचं तेही तिथंच छापलेलं. वर युनिटच्या प्रमुखांची सही, एकदाच, सगळ्या रुग्णांसाठी. म्हणजे पुन्हा नळी घालावी लागली तर तो कुणाचा गुन्हा ठरणार नाही, सगळ्यांनी आधीच मान्य केलेली शक्यता ठरेल.

गेल्या महिन्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. तिच्या वॉर्डातल्या सर्जननी असा कागद करून त्यावर सही दिली होती. पहिल्याच दिवशी पहाटे तिनं तीन नळ्या काढल्या. दुपारी बारापर्यंत दोघांना छान लघवी झाली. तिसऱ्या रुग्णाचं पोट फुगलं, पुन्हा नळी घालावी लागली. तिचा आवाज पडला होता. "मॅडम, तिसऱ्याचं काय लिहू?"

"जे झालं तेच लिही," मी म्हटलं. "काढली किती वाजता, हाताला काय लागलं, पुन्हा घातली किती वाजता, किती आली. आणि खाली तुझी सही कर."